एका ताटातले १,०२३ घास

जानेवारीतली संध्याकाळ. खालापूर तालुक्यात पाताळगंगेच्या अंगाला मामाचं शेत आहे. भात कापून झाल्यावर त्याच जमिनीच्या उरलेल्या ओलीवर वाल पेरलेला, आणि शेंगा आता टचटचीत भरलेल्या. बांधावर पोपटीसाठी, म्हणजे मडक्यात भाजायच्या शेंगांसाठी, पाला गोळा होत होता. मी पडवीत पाच बाटल्या मांडल्या होत्या. चार व्हाइट वाइन, एक स्पार्कलिंग, सगळ्या नाशिककडच्या द्राक्षांच्या.

मामी घेत नाही. तिने वाइनचा थेंब कधी चाखलेला नाही आणि चाखायचाही नाही. पण स्वयंपाक तिचा, तेव्हा तिच्या जेवणाशेजारी काय येऊन बसणार आहे त्याचा वास घेण्याचा मान तिचाच. मी सोविन्यों ब्लांचा ग्लास तिच्या हातात दिला. तिने तो नाकाशी धरला, जरा थांबली, पुन्हा धरला आणि म्हणाली, "अरे, ही तर ढोबळी मिरची चिरल्यासारखी वासाला येते."

तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. सोविन्यों ब्लां या द्राक्षात ढोबळी मिरचीचा वास असतो, कारण दोन्हींत एकच रेणू आहे. मिथॉक्सिपायराझिन असं त्याच्या कुळाचं नाव. माणसाच्या नाकाला तो पाण्यात ओळखता येतो, तेव्हा त्याचं प्रमाण असतं लिटरला सुमारे २ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. हा आकडा नुसता वाचून डोक्यात शिरत नाही. त्यासाठी मामाच्या शेतापासून फार लांब नसलेल्या मोरबे धरणावर जावं लागतं.

मोरबे धरण आणि ३८० ग्रॅम

चौकजवळ धावरी नदीवर बांधलेलं मोरबे धरण खालापूर तालुक्यात आहे आणि नवी मुंबईची तहान भागवतं. पूर्ण भरलं की त्यात सुमारे १९.०८९ कोटी घनमीटर, म्हणजे १९,०८९ कोटी लिटर पाणी असतं. लिटरला २ नॅनोग्रॅम या हिशेबाने एवढ्या सगळ्या पाण्याला ढोबळी मिरचीचा वास यायला तो रेणू किती लागेल? सुमारे ३८० ग्रॅम. वाण्याकडून पिशवीत घालून आणावा एवढा. तो सगळ्या धरणात नीट मिसळला, तर त्यातलं पेलाभर पाणी नाकाशी धरून मामी म्हणेल, ही ढोबळी मिरची.

याच मापाने आणखी दोन वास मोजू, दोन्ही आपल्या घरचे. आंबेमोहोर शिजताना घरभर पसरतो तो वास मुख्यतः एका रेणूचा असतो, आणि नाकाला तो कळायला लिटरला सुमारे ०.१ मायक्रोग्रॅम लागतो. म्हणजे मोरबे धरणाला आंबेमोहोराचा वास द्यायचा तर तो रेणू सुमारे १९ किलो लागेल. दुसरा वास पहिल्या पावसाचा. कर्जतच्या तापलेल्या मातीवर जूनमध्ये पहिली सर पडली की जो वास उठतो, त्यातला मुख्य रेणू जिओस्मिन. हा मातीतल्या सूक्ष्मजीवांनी तयार केलेला असतो. तो धरणभर पाण्यात कळण्यासाठी एक-दोन किलो पुरे.

आता हेच धरण उलट्या बाजूने वापरू. २०२३ मध्ये साऱ्या जगात मिळून सुमारे २,३७० कोटी लिटर वाइन तयार झाली. १९६१ नंतरचं ते सर्वांत कमी उत्पादन होतं, तरी आकडा ऐकून छाती दडपते. फ्रान्स, इटली, स्पेन, अमेरिका, चिली, ऑस्ट्रेलिया, आपलं नाशिक, सगळ्यांची वर्षभराची वाइन आणून मोरबे धरणात ओतली, तर धरणाचा फक्त आठवा हिस्सा भरेल. फ्रान्सच्या शँपेन प्रदेशातून त्या वर्षी सुमारे ३० कोटी बाटल्या बाहेर पडल्या. त्यांच्यातलं सगळं द्रव एकत्र केलं तर साडेबावीस कोटी लिटर होईल. मोरब्याचं पाणी शुद्ध करणाऱ्या भोकरपाड्याच्या केंद्राची क्षमता दिवसाला ४५ कोटी लिटर आहे. जगभरातल्या लग्नांचे, जयंत्यांचे, विजयांचे वर्षभराचे बुडबुडे म्हणजे नवी मुंबईचं अर्ध्या दिवसाचं पाणी.

जगातली सगळी वाइन एका तालुक्यातल्या एका धरणाच्या तळाशी मावते. त्याच धरणाच्या आसपास राहणाऱ्या बाईचं नाक मात्र त्या धरणात विरघळलेले ३८० ग्रॅम हुडकून काढू शकतं. माणसाच्या नाकात वास ओळखणारे ग्राहक सुमारे ४०० प्रकारचे असतात. प्रत्येकाला फक्त चालू आणि बंद एवढंच येतं असं धरलं, तरी त्यांच्या जुळण्या होतात २ चा ४०० वा घात, म्हणजे १ वर सुमारे १२० शून्यं. दिसणाऱ्या विश्वातल्या अणूंची संख्या सांगायला १ वर ८० शून्यं पुरतात, असा अंदाज आहे. खरे ग्राहक चालू-बंदपेक्षा पुष्कळ बारीक काम करतात. हे यंत्र मामीकडे जन्मापासून आहे, आणि ती ते रोज फोडणीवर वापरते.

घाटाखाली वाल, घाटावर द्राक्ष

कर्जत-खालापुरात वाइनचं द्राक्ष होत नाही, आणि त्याचं कारण आभाळात आहे. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तीन हजारच धरला, तरी एका एकरावर १ कोटी २१ लाख लिटर पाणी कोसळतं, म्हणजे दहा हजार लिटरचे बाराशे टँकर. भाताला ते मानवतं. कर्जतचं भात संशोधन केंद्र याच पावसावर उभं आहे, आणि कर्जत-३, कर्जत-७ ही तिथली वाणं आपल्या तालुक्याचं नाव घेऊन कोकणभर पेरली जातात. वेलाला मात्र एवढं पाणी सोसत नाही. बोरघाट चढून सह्याद्रीच्या पलीकडे गेलं की ढगांचं ओझं उतरलेलं असतं, आणि तिथे द्राक्षाची बाग उभी राहते.

महाराष्ट्रातल्या वाइनची गोष्ट फार जुनी नाही. १९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी जुन्नर तालुक्यात, नारायणगावला फ्रेंच तज्ज्ञांची मदत घेऊन स्पार्कलिंग वाइन केली. ती 'ओमर खय्याम' या नावाने परदेशातही विकली गेली. राजीव सामंत यांच्या 'सुला'ची पहिली वाइन २००० मध्ये आली, आणि त्यात सोविन्यों ब्लां व शेनिन ब्लां ही दोन पांढरी द्राक्षं होती. २००१ मध्ये राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं. २०१३ मध्ये फ्रान्सच्या 'शाँदों'ने दिंडोरीच्या द्राक्षांची स्पार्कलिंग वाइन बाजारात आणली.

या सगळ्यात मला सर्वांत भावतो तो एक योग. युरोपात द्राक्षं ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये खुडतात. नाशिकला खुडणी मुख्यतः जानेवारी ते मार्च या काळात होते, आणि स्पार्कलिंगची द्राक्षं आंबटपणा टिकावा म्हणून आधी खुडली जातात. म्हणजे घाटाखाली आपण वालाच्या शेंगा तोडत असतो, त्याच आठवड्यांत घाटावर द्राक्षांचे घड पाटीत पडत असतात. पोपटीचा हंगाम आणि द्राक्षखुडणीचा हंगाम एकच. एवढे शेजारी असूनही ते एका पंक्तीला क्वचितच बसले आहेत.

चार चमचे साखर

आता पाचव्या बाटलीकडे येऊ. नाशिककडे चांगली स्पार्कलिंग वाइन करतात तेव्हा आधी साधी, आंबट पांढरी वाइन करून घेतात. ती बाटलीत भरताना लिटरला साधारण २४ ग्रॅम साखर आणि यीस्ट घालून बाटली बंद करतात. पाऊण लिटरच्या बाटलीला ही साखर पडते १८ ग्रॅम, चहाचे चार चमचे.

बंद बाटलीत यीस्ट वाढतं आणि मिलिलिटरला एक कोटीच्या आसपास पेशींपर्यंत जातं. म्हणजे एका बाटलीत ७५० कोटी पेशी. पृथ्वीवरची माणसं आठशे कोटींच्या थोडी वर आहेत. एका पेशीची रुंदी साधारण ५ मायक्रॉन. एका बाटलीतल्या पेशी एकीला एक लावून ओळीत मांडल्या तर ओळ साडेसदतीस किलोमीटर लांब होईल. कर्जत स्टेशनच्या फलाटावरून रुळाच्या कडेने मांडत निघालो, तर नेरळ, वांगणी, बदलापूर मागे टाकून अंबरनाथ दोन-अडीच किलोमीटरवर येईपर्यंत ती संपणार नाही.

हे ७५० कोटी जीव सहा-आठ आठवड्यांत ते चार चमचे साखर खाऊन संपवतात. निघालेल्या कार्बन डायऑक्साइडला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो वाइनमध्येच विरघळतो. एका बाटलीत तो सुमारे ९ ग्रॅम असतो, आणि मोकळा सोडला तर पाच लिटर जागा व्यापेल. पाऊण लिटरच्या बाटलीत पाच लिटर वायू कोंडलेला.

त्याचा दाब होतो सुमारे सहा वातावरणांचा. कारच्या टायरमध्ये आपण हवा भरतो तिच्या पावणेतीन पट. खोपोलीकरांना हा दाब दुसऱ्या मापात सांगता येतो. १९१५ पासून टाटांचं वीजकेंद्र तिथे चालू आहे, आणि घाटावरच्या तलावांचं पाणी नळांमधून सुमारे पाचशे मीटर खाली येऊन तिथली चाकं फिरवतं. तेवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब साधारण पन्नास वातावरणं. आपल्या बाटलीतला दाब साठ मीटर उंच पाण्याएवढा, म्हणजे त्या नळाच्या तळाशी असतो त्याच्या आठव्या हिश्श्याएवढा. तो चार चमचे साखरेतून आला आणि फ्रिजच्या दारात उभा आहे.

बुचाच्या तळाचं क्षेत्रफळ अडीच चौरस सेंटिमीटर धरलं, तर त्याच्यावर खालून पंधरा किलोंचा रेटा असतो. म्हणून तर बुचावर आवळलेल्या तारेला सहा अर्धे पीळ घातलेले असतात. बाटली गरम झाली की वायू द्रवात राहायला तयार होत नाही आणि दाब चढतो. वीस अंशांवर तो सातच्या पुढे जातो. कर्जतचा एप्रिल वीस अंशांवर थांबत नाही. म्हणून स्पार्कलिंगची बाटली उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कधीही ठेवू नये. आणि ती उघडताना बूच हातात घट्ट धरून बाटली हळूहळू फिरवावी.

बूच सुटतं त्या क्षणी तोंडाशी धुराची एक लहानशी रेघ दिसते. फ्रान्समधल्या रँस विद्यापीठातले शास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी हेच मोजलं. कोंडलेला वायू अचानक पसरतो तेव्हा इतका गार होतो, की वीस अंशांच्या बाटलीच्या तोंडाशी क्षणभर उणे ९० अंशांपर्यंत तापमान उतरतं. मामाच्या पडवीत, चुलीपासून पंधरा पावलांवर, पापणी लवायच्या आत अंटार्क्टिका येऊन जातो.

पंचाचा धागा आणि दहा लाख बुडबुडे

ग्लास पुसायला मी मामाचा धुवून वाळवलेला सुती पंचा घेतला होता. पुढे जे दिसलं त्यात त्या पंचाचा वाटा मोठा आहे.

ओतलेल्या वाइनमध्ये बुडबुडे कुठूनही उठत नाहीत. ते काही ठरावीक ठिपक्यांतून, माळेसारखे एकामागून एक वर येतात. नव्या बुडबुड्याला जन्मायला आधीपासून असलेली हवेची एक लहानशी कुपी लागते. ती कुपी असते ग्लासाला चिकटलेल्या कापसाच्या धाग्याच्या पोकळीत. धागा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढा, डोळ्याला न दिसणारा. सुरुवातीला असा एकेक धागा सेकंदाला तीसपर्यंत बुडबुडे सोडतो. अगदी तुळतुळीत, एकही तंतू नसलेल्या ग्लासात तीच वाइन जवळपास निपचित पडून राहते.

एक बुडबुडा सुटतो तेव्हा त्याचा व्यास सुमारे २० मायक्रॉन असतो. वर येईपर्यंत तो मिलिमीटरभर होतो. व्यास ५० पट, म्हणजे आकारमान सव्वा लाख पट. आठ मिलिमीटरचा वाटाणा घेऊन पाहा: ग्लासाच्या तळाशी वाटाणा निघाला आणि वर पोहोचेपर्यंत चाळीस सेंटिमीटरचं कलिंगड झाला. या वाटचालीत बुडबुडा वाटेतले वासाचे रेणू अंगाला चिकटवून वर आणतो आणि फुटताना त्यांचे तुषार नाकाशी उडवतो.

लिजे-बेलेर यांच्या हिशेबाने १०० मिलिलिटर शँपेन उंच ग्लासात ओतून तशीच ठेवली तर तिच्यातून सुमारे दहा लाख बुडबुडे निघतात. आणि एवढे दहा लाख मिळूनही वायूचा फक्त पाचवा हिस्सा नेतात. उरलेला चार पंचमांश वायू पृष्ठभागावरून गुपचूप उडून जातो.

मिरची आणि जीभ

स्पार्कलिंगचा घोट घेतला की जीभ चुरचुरते. बुडबुडे फुटून टोचतात म्हणून ती चुरचुरते असं आपल्याला वाटतं, पण तसं नाही. दाबाच्या खोलीत, जिथे बुडबुडे तयारच होत नाहीत, तिथेही असं पेय तितकंच चुरचुरतं, हे प्रयोगाने दिसलं आहे. खरं कारण असं की जिभेवरचं एक विकर कार्बन डायऑक्साइडचं आम्ल करतं, आणि ते आम्ल वेदनेच्या नसांना जाऊन भिडतं. मिरचीचं तिखट जे ओरडून सांगतं, ते नेणारी नसही हीच.

मिरचीचं तिखट ही चव नाहीच. उष्णता ओळखणारा जिभेवरचा एक ग्राहक साधारण ४२ अंशांना जागा होतो, आणि 'भाजलं' अशी खबर देतो. मिरचीतला कॅप्सेसिन हा ग्राहक थंड जेवणातही चालू करतो. मद्यार्क आणखी एक खोडी करतो: प्रयोगात तो हा उंबरठा ४२ वरून ३४ अंशांपर्यंत खाली आणतो. आपलं तोंड मुळातच ३७ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे जास्त मद्यार्काचं पेय आणि तिखट रस्सा एकत्र आले की तोंडाला स्वतःचीच ऊब चटका वाटू लागते. १४-१५ टक्क्यांची जड वाइन मालवणी किंवा आगरी मसाल्याशेजारी आग का लावते, त्याचं उत्तर या आठ अंशांत आहे. तिखटाशेजारी मद्यार्क कमी असलेली, गार, किंचित गोडसर पांढरी वाइन ठेवावी.

दुसरा प्रश्न सुक्या मासळीचा. कर्जत-खालापूर समुद्रापासून आत आहे, म्हणून इथल्या घरांत पावसाळ्याची बेगमी सुक्या बोंबलाची, सुकटीची, जवळ्याची. २००९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की मासळीबरोबर वाइन घेतल्यावर उरणारा उग्र, मासळट वास वाइनमधल्या लोहामुळे येतो, आणि लिटरला २ मिलिग्रॅमच्या पुढे लोह गेलं की तो ठळक होतो. लाल वाइनमध्ये लोह जास्त असण्याचा संभव अधिक. लिटरला दोन मिलिग्रॅम म्हणजे पाचशे लिटर पाण्याच्या टाकीत एक ग्रॅम मीठ मिसळण्याइतकं, पण जवळ्याच्या चटणीचं सगळं सुख त्याच्यावर अवलंबून आहे.

तिसरी गोष्ट आंबटपणाची. पांढऱ्या वाइनचा सामू ३.१ च्या आसपास, ताकाचा साधारण ४.४. सामूची पायरी दहापटीची असते, म्हणून हा सव्वा पायरीचा फरक वीसपटीचा होतो. पण ताटात दोघांचं काम एकच आहे. खोबऱ्याचं, तेलाचं, अंड्याच्या बलकाचं लेपण जिभेवरून पुसून काढायचं आणि पुढच्या घासाला कोरी पाटी द्यायची. आपल्या जेवणात कोकम, ताक, लिंबाची फोड यांनी ही जागा शतकानुशतकं राखून ठेवली आहे. पांढरी किंवा फेसाळ वाइन परकी वाटत नाही ती याचमुळे. तिला बसायला पाट आधीच मांडलेला आहे.

पोपटी उघडली

बांधावर मामाने मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घातला होता. त्यावर जाडं मीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये मसाला लावून पाल्यात गुंडाळलेलं चिकन, अंडी, रताळी, पुन्हा शेंगा आणि तोंडाशी दाबून भरलेला पाला. पाण्याचा एक थेंब नाही. मडकं जमिनीवर उपडं केलं, भोवती पेंढा, पालापाचोळा आणि गोवऱ्या रचून पेटवलं. अर्ध्या तासाने मामाने मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र आवाज झाला आणि थेंब लगेच उडून गेले. "झाली," तो म्हणाला.

मडकं सरळ करून पाला बाजूला काढला तेव्हा जी वाफ आली, तिच्यात धूर होता, ओवा होता, हिरवा कडसर पाला होता. सोविन्यों ब्लां या वाफेचीच बहीण निघाली. तिचा हिरवा वास आणि भांबुर्ड्याचा हिरवा वास एकमेकांना ओळखत असल्यासारखे मिसळले. चिकनच्या तिखटाला रीसलिंगच्या किंचित गोडीने सावरून घेतलं. मामीने केलेल्या वालाच्या बिरड्याला, त्याच्या खोबऱ्याला आणि गुळाच्या चवीला शेनिन ब्लां बरी वाटली. व्हियोनिए रताळ्याशी जमली. आणि ब्रूट स्पार्कलिंग, म्हणजे जवळपास साखर नसलेली, ती जवळ्याच्या चटणीशी आणि धुरकट अंड्याशी इतकी जमली की मामेभावाने दुसरं अंडं फोडलं.

इथे सगळ्यांत मोठा आकडा समोर आला, आणि तो बाटलीत नव्हता. युरोपातले वाइनचे नियम एका वेळी एक पदार्थ येतो असं धरून केलेले आहेत. आधी मासा, मग मांस, मग चीज, आणि प्रत्येकाची वाइन ठरलेली. आपलं ताट एकदम वाढलं जातं. त्या रात्री माझ्या ताटात दहा गोष्टी होत्या: तांदळाची भाकरी, भात, बिरडं, पोपटीतलं चिकन, अंडं, वालाच्या शेंगा, रताळं, जवळ्याची चटणी, कांदा आणि लिंबू. घासात यातली प्रत्येक गोष्ट एक तर असते किंवा नसते. दोनाला दोनाने दहा वेळा गुणलं की १,०२४. त्यातला एक घास रिकामा, तो सोडला तर उरतात १,०२३ वेगळे घास. कशाचं प्रमाण किती, हे तर यात मोजलेलंच नाही.

म्हणून आपल्या घरी 'या पदार्थाला ही वाइन' असं सूत्र चालत नाही. वाइनची गाठ एका पदार्थाशी नसते, पूर्ण ताटाशी असते, आणि ताटातला घास जेवणाऱ्याच्या बोटांनी बांधला जातो. कांदा थोडा जास्त आला की शेनिन ब्लां गोड लागते, लिंबू पिळलं की तीच मवाळ होते. चाखण्याचं खरं कौशल्य त्या बोटांत आहे, आणि ते आपल्याला लहानपणी वरणभात कालवतानाच मिळालेलं असतं.

पाच वाइन, एक ग्लास

हे घरी करायचं तर तीन आकडे पुरेत.

पहिला, ३० मिलिलिटर. पोह्याचे दोन मोठे चमचे. एवढंच माप एकेका वाइनचं ओतावं. पाच वाइन मिळून १५० मिलिलिटर, म्हणजे एकच ग्लास होतो. चौघा-पाचजणांनी मिळून चाखलं की कुणालाही जास्त होत नाही, आणि चवीही डोक्यात वेगवेगळ्या राहतात.

दुसरा, पाव किलो. तीस अंशांची स्पार्कलिंगची बाटली आठ अंशांवर आणायला, काच धरून, सुमारे अडीचशे ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. हवेत वाया जाणारा धरून कळशीत किलोभर बर्फ घ्यावा, आणि त्यात पाणी जरूर घालावं. नुसता बर्फ बाटलीला ठिकठिकाणी टेकतो, बर्फाचं पाणी मात्र तिला चारही बाजूंनी कवेत घेतं.

तिसरा, ३०. मोटार वाहन कायद्याने चालकाच्या रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर मद्यार्क चालत नाही. साडेबारा टक्क्यांच्या एका १५० मिलिलिटरच्या ग्लासात सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क असतो, आणि ६५ किलोंच्या माणसाला तेवढ्यानेच ही रेषा ओलांडता येते. एक्स्प्रेस वे आपल्या दाराशी आहे. म्हणून ज्याला गाडी चालवायची आहे त्याने मामीसारखं करावं: प्रत्येक ग्लासाचा वास घ्यावा, मत द्यावं आणि कोकमाचं सरबत प्यावं. वासातला आनंद पूर्ण मिळतो. तो ३८० ग्रॅममध्ये अख्ख्या धरणाला पुरणारा आनंद आहे.

जेवणं झाली. विस्तवात थोडी धग उरली होती. मी मामीला हिशेब सांगत बसलो. १,०२३ घास, पाच वाइन, म्हणजे ५,११५ जोड्या. एका जेवणात साठ घास धरले तर सगळ्या एकेकदा चाखायला पंच्याऐंशी जेवणं लागतील. पोपटीचा हंगाम जानेवारी-फेब्रुवारीचा, त्यात रविवार आठ. दहा वर्षांहून जास्त लागणार.

मामीने शेवटच्या शेंगा सोलून माझ्या ताटात टाकल्या. जरा वेळ विस्तवाकडे पाहत ती गप्प राहिली, मग म्हणाली, "तर मग पुढच्या साली वाल जरा जास्तच पेरायला सांगते तुझ्या मामाला."